आत्याबाई आणि पातेल्याचं बूड

कोणतंही भांडं हातात आलं की आत्याबाई ते आधी पालथं करीत. मग बोट मुडपून बुडावर दोनदा टकटक करीत, कान लावीत आणि डोळे मिटीत. तेवढा वेळ भोवतालच्या सगळ्यांनी गप्प राहायचं असे, भांडी विकायला आलेल्या तांबटानेसुद्धा. डोळे उघडून त्या म्हणत, "बूड बघा हो, बूड. तोंड काय, सगळ्यांचंच बरं असतं."

ठाण्याला तळ्यापासून टेंभी नाक्याकडे निघालं की आमची आळी लागते. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा आत्याबाई शेजारच्या घरात भावाकडे राहत होत्या. लहानपणीच विधवा होऊन त्या माहेरी परत आलेल्या. लाल आलवण, उंच बांधा, आणि चालणं असं की बोळातून जाताना कोंबड्या आपण होऊन बाजूला होत. भावाची मुलं त्यांना आत्या म्हणत, म्हणून सगळी आळी आत्याबाई म्हणे. त्यांचं स्वतःचं नाव कोणाला ठाऊक नसावं, असं मला वाटे.

मी मुंबईला मडमांच्या शाळेत शिकलेली. विलायतेतल्या नद्या मला ओळीने म्हणता येत. पण सासूबाईंनी "बहुगुणं आण गं" म्हटलं, की मी पातेलं, तपेलं आणि बहुगुणं अशी तिन्ही उचलून नेई आणि त्या ज्याला हात लावतील त्याच्याकडे नीट बघून घेई. बोलायला मी भित्री होते. त्यामुळे बघायला वेळ पुष्कळ मिळे, आणि बघण्यासारखं आळीत सर्वांत जास्त काही असेल तर त्या आत्याबाईच.

कोणाच्याही घरी लग्न ठरलं, की मुलीला द्यायची भांडी आत्याबाईंनी पाहिल्याशिवाय घेत नसत. आता तुम्हाला ठाऊकच आहे, विधवा बाई मांडवात पुढे चालत नाही. म्हणून तांबट पुढच्या दाराने आत येई आणि भांडी मागच्या दाराने बाहेर जात. परसात आत्याबाई पाटावर बसलेल्या असत. एकेक भांडं त्या जमिनीवर ठेवून गरकन फिरवीत. फिरत राहिलं की नापास.

"हे पातेलं फुगडी घालणार," त्या म्हणत.

"आत्याबाई, त्याला चुलीवर बसायचंय. फुगडी कशाला घालील?" तांबट रडकुंडीला येई.

"बुडाला गोल आहे. बसायचं नाही ते, डुलायचं. मुलगी बिचारी पळी घालायला जाईल आणि आमटी अंगणात येईल. दुसरं काढ."

भांड्याआधी त्या घराची चौकशी करीत. सासू विसराळू असेल तर दुधाला रुंद तोंडाचं भांडं सांगत, म्हणजे उतू जाताना निदान दिसेल तरी. सून घाईची असेल तर जाड बुडाचं. एकदा मुलीच्या आईने सांगितलं, की आमची शांत आहे हो फार, घाई कसली ती नाहीच. आत्याबाईंनी त्या मुलीला जरा वेळ पाहिलं आणि तांबटाला म्हणाल्या, "हिला पातळ बुडाचं दे. नाहीतर वऱ्हाडी संध्याकाळपर्यंत जेवायचे नाहीत."

त्यांचा भाचा एकदा मुंबईहून विलायती भांडं घेऊन आला. पांढराशुभ्र मुलामा, निळा काठ आणि बाजूला हातभर लांब दांडा. आळीतल्या बायका बघायला जमल्या. आत्याबाईंनी ते पालथं केलं, टकटक केलं, कान लावला, आणि पुन्हा लावला.

"काही बोलतच नाही हे," त्या म्हणाल्या.

भाचा म्हणाला, "आत्या, सायबाच्या घरी यातच शिजवतात."

"मग सायबाची चूलही आणायचीस."

तरी भाच्याच्या समाधानासाठी त्यांनी ते चुलीवर ठेवलं. दूध ओतेपर्यंत सगळं ठीक होतं. मग दांड्याच्या वजनाने भांडं कलंडलं आणि सगळं दूध विस्तवात गेलं. आत्याबाई राखेकडे बघत म्हणाल्या, "शेपूट आहे ना त्याला. जनावर आहे, चुलीवर नाही राहायचं." पुढे त्यात मांजराला ताक मिळू लागलं. दांडा भिंतीकडे केलेला असे.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय आत्याबाई पुऱ्या होत नाहीत.

लग्नात वडिलांनी मला पुस्तकांची एक पेटी दिली होती. सासूबाई वाईट नव्हत्या. दुपारी तासभर वाचायला त्यांची ना नव्हती, पण एक अट होती. "माझ्या भांड्यांचं काही वाकडं झालं, तर पेटी माळ्यावर जाईल." माळ्यावर वाळवी होती. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

श्रावणात त्यांची थोरली बहीण पेणहून यायची होती. शाळेतली मुलगी करू नकोस, असं तिने आधीच बजावून ठेवलं होतं. सासूबाई मला म्हणाल्या, "त्या दिवशी अळू तू करायचंस. आपल्या मोठ्या पितळी पातेल्यात. कळू दे तिला." म्हणजे माझ्याइतकीच त्यांचीही परीक्षा होती.

आदल्या दुपारी मी ते पातेलं विहिरीवर नेलं. बाहेरून पिवळं झळझळीत, पण आतून करडं, मळकट. आमच्या शाळेत दर शनिवारी दारांच्या पितळी कड्या घासाव्या लागत, तोंड दिसेपर्यंत. मडमबाई येऊन प्रत्येक कडीत आपलं नाक बघून जात. माझ्या कड्यांना नेहमी शाबासकी मिळे. मी चिंच घेतली, विटेची पूड घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि आतून घासायला लागले. उन्हं कलेपर्यंत घासलं. शेवटी करडं सगळं निघालं आणि आत पिवळाधमक सूर्य उगवला. मी त्यात डोकावून बघत होते, तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला.

"काय गं मडमे, काय बघतेस एवढं?"

"तोंड दिसतंय, आत्याबाई."

"कोणाचं?"

"माझं."

"बघून घे. उद्या एवढं हसरं नाही राहायचं."

त्या कुंपण ओलांडून आल्या, आत बोट फिरवलं आणि मटकन धोंड्यावर बसल्या. "अगं, कल्हई होती ती. कथील. सगळी खरवडून टाकलीस."

"मला वाटलं मळ."

"कल्हईवाला त्या मळाचे पैसे घेतो."

मग त्यांनी मला समजावलं. उघड्या पितळेत चिंच घातलेलं काही शिजवलं की ते कळकतं, हिरवट पडून विषासारखं होतं. "अळू आधीच हिरवं, त्यामुळे डोळ्यांना कळायचं नाही. कळेल ते पोटाला. पेणवाली आडवी होईल." कल्हईवाला भिवंडीला गेला होता. पंधरा दिवस तरी यायचा नव्हता.

माझ्या डोळ्यांसमोर माळा आला. मी विचारलं, "लोखंडी कढईत केलं तर?"

"काळं होईल. ती म्हणेल, सुनेने शाईत शिजवलं."

"तांब्याच्या तपेल्यात?"

"त्यात अंघोळीचं पाणी तापव. तांबं काय आणि पितळ काय, कल्हई नसली की सारखंच."

"नवं मडकं?"

"दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायला हवं. नाहीतर ऐन उकळीला फुटेल आणि अळू चुलीला वाढावं लागेल."

"तुमच्याकडे दगडी आहे ना?" आंबटासाठी कोकणातली दगडाची भांडी वापरतात, एवढं मला आता माहीत झालं होतं.

"आहे. तिला तापायला दुपार लागते आणि निवायला दिवाळी."

मी रडायला लागले. आत्याबाई उठल्या आणि घरात गेल्या. परत आल्या तेव्हा आलवणाखाली त्यांचं पोट फार मोठं दिसत होतं. कुंपण ओलांडून त्यांनी आतून एक पितळी पातेलं काढलं. आमच्याच मापाचं, बूड मात्र जरा जास्त जाड, आणि आत नवी कोरी कल्हई.

"हे माझं," त्या म्हणाल्या.

त्या घरातल्या कशालाही त्या 'माझं' म्हणत नसत. सगळं 'दादाचं' असे. मी पातेलं हातात घेतलं. काठाखाली नाव कोरलेलं होतं.

"वाच बघू काय आहे ते," त्या म्हणाल्या. "लग्नात घातलं होतं नाव. पुढे मला कोणी वाचून दाखवलं नाही."

मला बाळबोध अक्षरं सावकाश लागत, त्यात ती झिजलेली. मी एकेक अक्षर लावून वाचलं. आधी बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या, भांड्याच्या बुडाला कान लावल्यासारख्या.

"कोण गं ही?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या हसत नव्हत्या.

"तुम्हीच असाल, आत्याबाई."

"असेन. दहा महिने होते." मग त्यांनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "तुझ्या सासूला वाचता येत नाही, तेव्हा नावाची भीती नाही. भीती बुडाची. राख आण."

आम्ही दोघींनी राख आणि माती कालवून पातेल्याच्या बुडाला, काठापर्यंत, जाड लेप दिला. लेप देताना त्यांच्या नाकालाही लागला. तशाच त्या आमचं घासलेलं पातेलं आलवणाखाली घालून कुंपणापलीकडे गेल्या.

पेणच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी अळू तीनदा मागून घेतलं. हात धुताना त्या मला म्हणाल्या, "पुस्तकात बघून केलंस?"

"नाही."

"मग कसं केलंस?"

"पातेल्यात," मी म्हणाले. भीतीने दुसरं काही सुचलं नाही. सासूबाईंना ठसका लागला.

संध्याकाळी त्यांनी स्वतः पातेलं घासायला घेतलं. लेप निघाला. त्यांनी ते पालथं केलं, हातात तोललं, माझ्याकडे पाहिलं आणि मग कुंपणाकडे.

"जड लागतंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"अळूने होतं तसं." आणि त्यांनी ते फळीवर ठेवून दिलं.

खरं सांगते, अळूने होत असेल, असं मला पुढे बरेच दिवस वाटत होतं. माझी पेटी जागची हलली नाही.

कल्हईवाला आला तेव्हा आत्याबाईंनी आमच्या पातेल्याला कल्हई करून घेतली. मी म्हटलं, "आता बदलून घेऊ या." त्यांनी आमचं पातेलं पालथं केलं, टकटक केलं. "राहू दे. हे मला चालेल. ते चाळीस वर्षं फळीवर बसून होतं. भांड्याला चूल लागते गं." वापरात नसलेल्या त्या पातेल्याला कल्हईवाल्याच्या दर खेपेला त्यांनी कल्हई करून घेतली होती, हे मला त्याच्याकडून कळलं. त्याला वाटे, बाई जरा वेडी आहे.

पुढे भाच्याची बदली कल्याणला झाली आणि घर तिकडे हललं. आत्याबाई बैलगाडीत बसल्या तेव्हा मांडीवर आमचं पातेलं होतं आणि त्यात मांजर. पोचल्याचं कार्ड भाच्याने पाठवलं. त्यात एवढंच होतं, की आत्याने इथली चूल पाडून नवी घालायला लावली, तेव्हा आम्ही चार दिवस चुरमुऱ्यांवर आहोत. दोन वर्षांनी दुसरं कार्ड आलं, आत्याबाई गेल्याचं. ते मीच सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या दिवशी कोणी न सांगता त्यांनी अळू केलं.

परवा एक नवा कल्हईवाला आला होता. त्याने ते पातेलं उचललं, काठाखालची अक्षरं बघितली आणि सासूबाईंना विचारलं, "हे नाव कोणाचं, आई? तुमचं का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी ते नाव सांगितलं. बाईचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. एक अक्षर चुकलं नाही.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"वाचायला कशाला हवं?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हे नाव घालत होते तेव्हा मी शेजारी बसले होते, त्यांच्या अंगणात. मी नुकती सून होऊन आले होते. आम्ही दोघी नऊ वर्षांच्या. तांबट अक्षर अक्षर बोलून ठोकत होता. ती म्हणाली, माझ्या नावाचा आवाज बघ केवढा होतो."

कल्हईवाला म्हणाला, "मग घासून काढू का? तुमचं घालतो."

सासूबाईंनी पातेलं त्याच्या हातातून घेतलं, पालथं केलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"तू बूड बघ," त्या म्हणाल्या. "नावाला हात लावायचा नाही."