ताटाभोवतीचं पाणी

बाबा गेल्यावर त्यांच्या कुत्र्याने अन्न सोडलं असतं, तर मला ते समजलं असतं. झालं उलटंच. तो गिळू लागला. दूध-पोळीची थाळी खाली टेकते न टेकते तोच रिकामी व्हायची. मग तो खोकायचा आणि थोड्या वेळाने सगळं अंगणात ओकून टाकायचा. महिना होत आला तेव्हा एका दुपारी त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ऑटोत घालून मी त्याला नानाखेड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"भाईसाहब, ये खा नहीं रहा, निगल रहा है," डॉक्टर म्हणाले. "आज तो गैस निकल गई. किसी दिन पेट पलट गया, तो आप यहाँ तक पहुँचेंगे भी नहीं."

जेवणानंतर बरगड्यांच्या मागे बोटं दाबून पाहायला त्यांनी मला शिकवलं. मऊ लागलं तर ठीक. मी मान हलवली. एवढ्यातच घरातून आणखी कोणी जाणं मला झेपणार नव्हतं.

शिकलेला माणूस करतो तेच मी केलं, वाचत बसलो. त्याने सावकाश खावं म्हणून देवास गेटच्या बाजारातून आत उंचवटे असलेला वाडगा आणला. त्याने तो उलटा केला आणि फरशीवरून चाटून घेतलं. थाळीत शिप्रेतला मोठा गोटा ठेवला, तर तो त्याने नाकाने बाहेर ढकलला. परातीत भात पसरला. परातही तशीच साफ झाली.

आई ओट्याजवळून हे सगळं बघत होती.

"आता त्याला पण एक पुस्तक दे. वाचत वाचत जेवेल, तुझ्यासारखा."

"आई, मजाक नको."

"मग एकट्याला कशाला वाढतोस? हे कधी असं वाढायचे? बरोबर जेवायचे दोघं. इतकी वर्षं ह्या घरात जेवलास, पाहिलं नाहीस?"

नव्हतं पाहिलं. बाबा खिडकीखाली पाटावर जेवायचे. मी टेबलाशी, पुस्तकाआड.

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली बाबांचा पाट मांडला. आईने माझं ताट वाढलं आणि शेजारी त्याची थाळी ठेवली. आता गिळण्याचा आवाज येणार म्हणून मी अंग आवळून बसलो. आवाज आला नाही. तो बसून होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पण नजर भातावर नव्हती. माझ्या पाण्याच्या भांड्यावर होती.

"पाणी फिरव ना," आई म्हणाली.

मुंजीनंतर काही महिने केलं असेल, मग सोडून दिलं. तळहातावर पाणी घेऊन ताटाभोवती फिरवलं, उजवीकडे भाताचे पाच छोटे घास ओळीने ठेवले. मंत्र अर्धामुर्धाच आठवला. पाचवा घास ठेवून हात मागे घेतला, तसा तो पुढे सरकला. पहिल्या चारांना, यम-चित्रगुप्ताच्या वाट्याला, त्याने नाकसुद्धा लावलं नाही. पाचवा तेवढा जिभेने उचलला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

मी आईकडे पाहिलं.

"पाचवा सगळ्या भूतमात्रांचा," आई म्हणाली. "हे म्हणायचे, सगळ्यांना कुठे शोधत फिरू? हा समोर बसलाय."

मी एक घास घेतला. त्याने थाळीतून एक घास घेतला आणि मान वर केली. मी चावत होतो तोवर तो थांबला. मी गिळलं, त्याने दुसरा घेतला. बाबांचे दात गेलेले, त्यांना एका पोळीला पाव तास लागायचा. त्या चावण्याची लय ह्या मुक्या जिवाने वर्षानुवर्षं पाहून आपलीशी केली होती. आणि मी, त्यांचा मुलगा, त्यांना जेवताना पाहिलंच नव्हतं.

चार घासांनंतर रोजच्यासारखा माझा हात थांबला. महिनाभर त्यापुढे मला जातच नव्हतं. तोही थांबला. अर्धी थाळी समोर आणि डोळे माझ्या हातावर. मग पुन्हा भात कालवला. सावकाश चावलं, ताट संपेपर्यंत.

जेवण झाल्यावर तो पाटाला टेकून आडवा झाला. मी हात धुऊन आलो आणि बरगड्यांच्या मागे बोटं ठेवली. हळूच दाबली.

"कसं आहे?" आईने विचारलं.

"मऊ आहे."

ती आपलं ताट घेऊन आमच्याजवळ खाली बसली.