मी आज आमची जिंकत आलेली मॅच सोडून दिली

मंडळी, आज दुपारी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा सीझन संपला. आपल्या पेठांचा, पायानं खेळायचा फुटबॉल न्हवं, लांबट बॉल हातात घेऊन पळायचा तो. सीझनभर आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो. आजची शेवटची, जयसिंगपूरच्या कॉलेजशी. आणि पहिल्यांदाच आम्ही पुढं होतो.

शेवटी शेवटी आमची कॅप्टन प्रज्ञा खांद्यावर आपटली. उठली, पण उजवा हात वर जाईना. आमच्याकडं बदली खेळाडू नव्हती. ती बाहेर गेली की मॅच गेली.

"मी खेळणार हाय," ती म्हणाली. "थोडाच वेळ राहिलाय."

"पुढच्या महिन्यात तुझी पोलीस भरती हाय. गोळा कुठल्या हातानं फेकणार?" मी म्हटलं.

"ते माझं मी बघीन की! तू गप बस."

आमचे सर आज आले नव्हते. मी उपकर्णधार, म्हणून पुढं खेळणार का, ते पंचांनी मला विचारलं. मी म्हटलं, "सोडतोय आम्ही मॅच."

समोरच्या मुली नाचत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. म्हणाले, "जे व्हायचं ते पडताक्षणीच झालंय. यंदा भरती विसरा."

तिला कळंब्याला घरी सोडायला रिक्षानं निघालो. वाटेत ती हळूच म्हणाली, "भरती जाणारच हुती, तर जिंकू तरी द्यायचं हुतंस की."

तुम्हाला यावर काही उत्तर सुचतंय का?