छातीवरचं हळकुंड

कुरुंद्याच्या फुटबॉल संघाच्या बिल्ल्यावर हळकुंड काहून, असं कुणी विचारलं की आताची पोरं बिनदिक्कत सांगतात, "हळदीचं गाव हाय ना आपलं!" साफ खोटं. ते हळकुंड माझ्या गाढवपणातून आलंय, आणि मला त्याचा अजून आनंद वाटतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्हाला फुटबॉल शिकवला शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी. हैदराबादेत खेळून आलेले होते ते. आमचं मैदान म्हणजे ज्वारी काढलेलं रान, जिकडंतिकडं धसकटं, आणि आम्ही अनवाणी! मास्तर वारले त्याच वर्षी संघाला पहिल्यांदा एकसारखे सदरे शिवायचे ठरले. त्यावर मास्तरांची आठवण हवीच. कप्तान मी, म्हणून त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, विचारायला गेलो.

"नाव नका लिहू," काकू म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई. असं कायतरी काढा, की बघितल्याबराबर मला ते दिसले पाहिजेत."

"दिसतील काकू. माझा शब्द!" मी छाती ठोकून सांगितलं.

मास्तरांची पितळी शिट्टी! दुसरं काय सुचणार? बाजारातल्या शिंपीचाचांना तोंडीच सांगून आलो: पिवळी, आखूड, एका टोकाला जाड. शिट्टी हा शब्दच सांगायचा राहिला. सदरे हातात पडले ते थेट सामन्याच्या सकाळी. अकरा छात्यांवर अकरा हळकुंडं!

"पीला, छोटा, एक तरफ से मोटा," चाचा शांतपणे म्हणाले. "कुरुंदे में और क्या होता, मियाँ?"

सामना शिरड शहापूरशी होता. त्यांची माणसं आम्हाला बघून ओरडली, "आले, हळदीचे नवरदेव आले!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कात्री मागवली. काकू यायच्या आत सगळे बिल्ले उसवून टाकायचे होते. पहिला टाका कापणार, तोच काकू समोर उभ्या. 

त्यांनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"तुला कसं रे ठाऊक?"

"काय, काकू?"

"माझ्या डब्यातलं हळकुंड रोज खिशात घालून न्यायचे. लेकरं पडतात, गुडघे फुटतात म्हणायचे. मी किती भांडायचे रे त्यांच्याशी!"

अरे देवा! दगडावर उगाळून तेच तर लावायचे मास्तर आमच्या गुडघ्यांना. केवढं झोंबायचं, आम्ही बोंब ठोकायचो. आणि मला आठवली काय, तर शिट्टी. माझी मलाच लाज वाटली, आणि काकूंचा चेहरा बघून बरंही वाटलं.

"शब्द दिला व्हता ना, काकू," मी म्हणालो. धडधडीत खोटं. कात्री मात्र मागच्या मागं गोलकीपरच्या हातात दिली.