क्रिस्पिनचं वजन

आमच्या निगोंबोला वारा माणसांत मोजतात. होडीच्या बाजूला दांड्यांनी जोडलेला तोलाचा ओंडका, म्हणजे उलांडी, वाऱ्याने पाण्यावर उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर एकाला उभं राहावं लागलं, तर एका माणसाचा वारा. दोघं लागले, तर दोघांचा. माझा थोरला भाऊ क्रिस्पिन एकटाच दोघांचा वारा पेलायचा. त्याला न्यायला तांडेल आमच्या दारात भांडायचे, आणि हा आतून ओरडायचा, "आधी जेवू द्या, नाहीतर वजन कमी भरेल!"

मग खोकला लागला आणि माणूस निम्मा झाला. दोन मोसम कुणी विचारलं नाही. जानेवारीत मीच त्याला माझ्या होडीवर घेतलं. किनाऱ्यावर नुसता बसलेला बघवेना. चूक माझीच.

त्या दुपारी रोज घरी आणणारा समुद्राकडचा वारा आलाच नाही. जमिनीकडचाच वाढत गेला. घर गाठायचं तर वाऱ्याच्या तोंडाला घासूनच जायचं. जरा ढिलाई केली की खुल्या समुद्रात. सुकाणू माझ्याकडे, शिडाची दोरी माझा खलाशी टायटसकडे, क्रिस्पिन उलांडीवर. तरी उलांडी उचलायला लागली.

"शीड उतरवू या!" टायटस ओरडला.

"उतरवलं तर वाहत जाऊ," मी म्हणालो.

"मग हा कुठे पुरतोय? अर्धाच माणूस आहे!"

क्रिस्पिनने ते ऐकलं. "नांगराचा दगड दे इकडे," म्हणाला. दगड त्याने उलांडीच्या दांड्याला बांधला, त्याच दोरीने स्वतःलाही. "आता मोज, गाढवा!"

उलांडी बसली. होडी वाऱ्यात शिरली. लाटा त्याच्या डोक्यावरून जात होत्या. तासभर तो टायटसला शिव्या देत होता. मग शिव्या थांबल्या आणि मान छातीवर पडली.

"सिल्वेस्टर, त्याला आत घेऊ या," टायटस रडायलाच आला होता.

आत घेतलं असतं तर होडी उलटली असती. "हात लावू नकोस," मी म्हणालो. तेव्हा तो जिवंत होता का, मला माहीत नाही. मी हाकही मारली नाही. त्याने ओ दिली असती तर मी काय केलं असतं? असे दोन तास गेले.

किनाऱ्यावर त्याची बायको मग्दलीन उभी होती. रडणं आवरून तिने विचारलं, "गेला तेव्हा फार लांब होतात का, भाऊजी?"

"नाही. चर्चचा मनोरा दिसायला लागला होता."

"म्हणजे त्याने पाहिला असेल ना?"

"पाहिला, वहिनी," मी म्हणालो. "मलाही त्यानेच दाखवला."