बेसमध्ये डिंक कमी पडला तेव्हा

सुनंदाने काढलेला गणपतीचा डावा डोळा पापुद्रा होऊन भाऊंच्या बोटाला चिकटून आला, तेव्हा मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पेणला रामवाडीत भाऊंचा मूर्तींचा कारखाना आहे. तिथे मी अठरा वर्षं आखणी करत होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे, भुवया काढणं. यंदा रोह्याहून सुनंदा आली, माझ्याच वयाची. भाऊ म्हणाले, "संध्या, तू बेस मार. डोळे हिच्याकडं." बेस म्हणजे अंगाचा पहिला रंग. माझा नुसता तिळपापड झाला.

गिऱ्हाइकं तिच्याच टेबलाशी थांबायची. "काय डोळे काढतेस गो!" अठरा वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

आमचा बेस म्हणजे पावडरचा रंग, पाणी आणि डिंक. डिंकानं रंग धरून राहतो. पंधरा मूर्तींच्या एका लॉटला माझ्याकडून तो कमी पडला. वाळल्यावर बोट फिरवलं तर गुलाबी पूड लागली. वर पोस्टर कलर असता तर निभावलं असतं, तो खाली मुरतो. सुनंदा अ‍ॅक्रिलिक वापरायची. ते वाळताना आखडतं आणि खालच्या पुडीसकट सुटतं. मला हे माहीत होतं. तिच्या हातात अ‍ॅक्रिलिकची बाटली दिसत होती. मी गप्प बसले.

पंधराही मूर्तींचे डोळे सुटले. मूर्ती न्यायला गिऱ्हाइकं दोन दिवसांनी यायची होती.

"कसला रंग आणलास?" भाऊ तडकले.

"माझीच चूक, भाऊ. नवीन रंग मीच आणला."

"उद्यापास्नं येऊ नको. संध्या, डोळे तू घे."

मला हवं होतं ते मिळालं. सुनंदा ब्रश पुसून पिशवीत भरू लागली. मला ते बघवेना.

"भाऊ, बेसला डिंक कमी हाय. मला म्हायती होतं."

"आनि बोलली नाय?"

"नाय."

का, ते त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांना दिसतच होतं.

पंधराही मूर्ती मीच खरवडल्या, डिंक घालून पुन्हा बेस मारला. डोळे सुनंदाकडेच राहिले. जाताना ती म्हणाली, "आधी सांगायचं ना गो. पोस्टर कलरनं काढले असते. तो पन येतो मला."

दुसऱ्या दिवशी तिने पोस्टर कलरनंच काढले. माझ्यापेक्षा चांगले आले.

तेव्हा हेवा करायचा तर आखणीत करावा. बेसमध्ये केला तर खरवडायला आपल्यालाच बसावं लागतं.