सुईणीच्या पदराखालचं बाळ

बॅचच्या मैत्रिणींनो, आज मी एका म्हाताऱ्या सुईणीवर जळले.

डोळखांबच्या वरच्या पाड्यावर गेले होते. तिथल्या एका सुनेचं बाळंतपण तीन आठवड्यांपूर्वी मीच उपकेंद्रात केलं. मुलगी जेमतेम दोन किलोची. घरी सोडताना चारदा बजावलं होतं, बाळाला अंगाला अंग लावून छातीशी धर. तिनं नुसती मान हलवली होती.

आज बघते तर ती गाढ झोपलेली आणि बाळ सखूआजी सुईणीच्या छातीशी, पदराखाली.

"आजी बोलली तसंच करतो आमी," सासू म्हणाली.

"अहो, हे मीच सांगितलं होतं!"

"हो ना सिस्टर," सखूआजी हसली. "पोरीनं इचारलं मला, सिस्टर सांगते ते करू का? मी बोलले, कर गो."

म्हणजे माझ्या शब्दाला हिची परवानगी!

बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवलं. खरं सांगते, काटा थांबेपर्यंत क्षणभर वाटलं, वजन वाढलेलं नसलं तर बरं.

चांगलं वाढलं होतं.

सखूआजीनं बाळ घ्यायला हात पुढे केले. मी दिलं नाही. झोपलेल्या बाळंतिणीला हलवून उठवलं आणि तिच्याकडे दिलं.

तिला उठवायची काहीच गरज नव्हती. तुमच्यापैकी कुणी केलंय असं कधी?