डिस्पोजलची गाडी

मला गाड्या आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. गाडी म्हणजे ट्रक. आमच्याकडे ट्रकला गाडीच म्हणत. माझं लग्न जमवताना मुलगा काय करतो, या प्रश्नाला 'गाडीवर आहे' एवढंच उत्तर मिळालं होतं आणि माझ्या वडिलांना ते पुरलं. गाडीवर असणारा माणूस घरी नसतो, हे मला लग्नानंतर कळलं.

सासर काष्टीजवळच्या एका वस्तीवर. घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले. हे नगरच्या एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. इंदूर, मुंबई, सोलापूर, माल मिळेल तिकडे जायचे. महिना महिना तोंड दिसायचं नाही. आले की दिवसभर झोपायचे, उठून अंघोळ करायचे, जेवायचे आणि निघायचे. शेजारणी मला चिडवायच्या, "तुझा नवरा हाय का पाव्हना हाय गं?" मी हसून घ्यायची. राग यायचा तो यायचाच.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष होतं. कालव्याच्या पट्ट्यात ऊस उभा होता आणि कारखान्याला तो वाहून आणायला गाड्या हव्या होत्या. जवळचा ऊस बैलगाड्या आणत, लांबचा ट्रकने येई. स्वतःचा ट्रक असला तर सकाळी जायचं आणि अंधार पडायला घरी यायचं. ह्यांनी एकदा जेवताना हे बोलून दाखवलं. मला गाड्यांचा तिटकारा होता तसाच राहिला, पण त्या दिवसापासून मी या गाडीच्या बाजूची झाले.

नवी गाडी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होई. त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. आत्यांनी बैलजोडी विकायला काढली. त्यावर घरात चर्चा वगैरे झाली नाही. "बैलाला काय लागतं ते मला म्हाईत हाय. गाडीला काय लागतं ते तू बघ," एवढं त्या मुलाला म्हणाल्या आणि दावी सोडून गोठ्याच्या आढ्याला अडकवून ठेवली.

लिलावाच्या आधी गाड्या पाहायला ठेवत, तेव्हा मी बरोबर होते. माहेराहून परत येताना ह्यांनी मला तिथंच नेलं. हिरव्या रंगाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, कुणाची काच नाही, कुणाचं दार नाही. मी लिंबाच्या सावलीत पिशवी घेऊन बसले. बाकीचे लोक बॉनेट उघडून पाहत होते. हे मात्र प्रत्येक गाडीच्या खाली जाऊन आडवे पडत होते. शेवटी एका लांब नाकाच्या गाडीखालून मातीने भरलेला सदरा घेऊन बाहेर आले आणि खूश होऊन म्हणाले, "हीच घ्यायची. हिच्याखाली तेल गळलंय."

"गळकी कशाला घ्यायची?" मी विचारलं.

"खाली कोरडी ती मेलेली. कवाच रिकामी केलेली. गळतीय म्हंजी आत अजून काहीतरी हाय."

मला ते पटलं नाही. पण पटवून घेण्याची पाळी माझी नव्हती. गाडी दुसऱ्या ट्रकला टोचन लावून, म्हणजे मागे बांधून ओढत, वस्तीवर आली, आणि दसऱ्यापर्यंत आमचं अंगण आमचं राहिलं नाही.

नगरहून एक मिस्त्री येई. चांगला आडवातिडवा माणूस, चहा मोठ्या पेल्यातच प्यायचा. निम्म्या शिव्या इंजिनाला द्यायचा, उरलेल्या ह्यांना. दोघांनी मिळून इंजिन उतरवलं, सुटं केलं, पोत्यांवर मांडलं. त्या पोत्यांवरून कोंबड्या फिरायच्या आणि त्यांना हाकलणं आत्यांकडे होतं. नटबोल्ट परातीत घेऊन रॉकेलने धुणं माझ्याकडे. हात कितीही घासले तरी वास जाईना. भाकरीलाही तो लागायचा. ह्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण त्यांना तो वास येतच नव्हता. मागचा हौदा गावच्या सुताराने बाभळीचा केला. जन्मभर त्याने बैलगाड्याच केलेल्या, म्हणून हौद्याच्या कडेलाही सवयीने तशाच खुंट्या ठोकून दिल्या. मिस्त्री हसला, पण उसाला त्या उपयोगी पडतील म्हणून राहू दिल्या.

मधल्या काळात ह्यांनी मालकाकडची नोकरी सोडली नव्हती, नुसती रजा वाढवत नेली होती. दसऱ्याच्या आधी मालकाचा निरोप आला. दिवाळीपर्यंत आलास तर ठीक, नाहीतर तुझ्या जागी दुसरा माणूस ठेवतो. इकडे कारखान्याचं म्हणणं, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गाडी आणून दाखवा, चालवून दाखवा, मग हंगामासाठी तिचं नाव लावू. म्हणजे पाडव्याला एकतर गाडी कारखान्यावर उभी असणार होती, नाहीतर हे इंदूरच्या रस्त्याला लागणार होते. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न एवढाच होता.

खंडेनवमीपर्यंत इंजिन जोडून झालं. त्या दिवशी आमच्यात हत्यारं धुऊन पूजेला मांडतात आणि मग त्यांना हात लावत नाहीत. पूर्वी नांगर, कुऱ्हाड, विळे असत. त्या वर्षी त्यांच्या शेजारी पाने आणि पकडी मांडल्या होत्या. गाडीची पूजा मी केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. आत्या दाराच्या आत उभ्या राहून मला सगळं सांगत होत्या. विधवा बाईने पूजेला किंवा कुणाची ओटी भरायला पुढे यायचं नाही अशी रीत होती, आणि ती त्यांना कुणी सांगावी लागत नव्हती. एक शेजारीण म्हणाली, "घरात लक्षुमी आली, तिची वटी भर की." मी रॉकेलला आणि अंगणातल्या पसाऱ्याला वैतागले होते. "लोखंडाची कसली ओटी भरायची?" म्हणाले आणि ताट घेऊन आत आले.

दसऱ्याला गाडी सुरू झाली. शिवेपर्यंत जाऊन, सोनं लुटून परत आली. हौद्यात निम्मी वस्ती उभी होती. ह्यांचं तोंड लग्नातसुद्धा एवढं हसरं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते मनात ठेवलं.

दिवाळी जवळ आली तेव्हा हे गाडी घेऊन कारखान्याकडे निघाले. दुपारी परत आले ते पायी. अर्ध्या वाटेत तेलाच्या दाबाचा काटा खाली आला, इंजिनात ठोके पडायला लागले आणि गाडी उभी राहिली. संध्याकाळी लोकांकडे बैलजोड्या मागून घेऊन गाडी ओढून आणावी लागली. वस्तीवरच्या लोकांनी संधी सोडली नाही. "मिलिटरीला बैल जुंपलं," असं दोन-तीन दिवस चाललं होतं. त्या ओढणाऱ्या जोड्यांत आमची विकलेली जोडीही होती. ती अंगणात आल्यावर आपोआप गोठ्याकडे वळली. आत्यांनी उठून त्यांना पाणी दाखवलं.

मिस्त्री आला. तेलात भेसळ आहे, असं त्याने गाडीखाली जाण्याआधीच जाहीर केलं. मग दोघांनी इंजिनाच्या तळाचा चेंबर, म्हणजे तेल साठतं तो पत्र्याचा डबा, खाली उतरवला. मी परात घेऊन उभी होते. तेल परातीत ओतलं आणि मागून बदाबद तांदूळ पडला. काळाभोर, तेलात माखलेला. तेल उचलणाऱ्या नळीच्या जाळीवर तांदळाचा थर गच्च बसला होता. इंजिनाला तेल मिळालं नव्हतं, बेअरिंग जळाली होती.

मिस्त्रीने जाळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "खिचडी लावली काय रं?" आणि माझ्याकडे पाहिलं. पूजा मी केली होती, तेव्हा त्याचं पाहणं चुकीचं नव्हतं. पण मी इंजिनाला बाहेरून कुंकू लावलं होतं, तांदूळ आत टाकायला मला वेड लागलं नव्हतं. तसं मी फाडकन बोलणार, तेवढ्यात ह्यांनी परातीत हात घातला. तांदळात एक हळकुंड होतं आणि एक सुपारी. मी पाहिलं. ह्यांनी दोन्ही मुठीत घेतलं, हात पुसल्यासारखा केला आणि मूठ खिशात गेली.

"उंदीर," हे म्हणाले. "पोत्यांवर इंजिन पडलं हुतं, तवा उंदरानं आत साठा केला."

"एवढा?"

"आमच्याकडं लई हायेत."

मिस्त्रीला ते खरं वाटलं की नाही, माहीत नाही. तो उंदरांना शिव्या देऊ लागला. आत्या भिंतीपाशी सूप घेऊन ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला होता. मला तेव्हा सगळं समजलं. आमच्या घरात तांदूळ म्हणजे सणापुरता. तो कोणत्या मडक्यात असतो हे दोघींनाच ठाऊक. इंजिनाच्या कुशीला तेल ओतायची एक उभी नळी होती, वर टोपण. हे त्यातून तेल ओतताना आत्या रोज बघत होत्या. ज्या तोंडाने ती खाते, तिथेच त्यांनी तिची ओटी भरली होती. नारळ त्या नळीत मावला नसता, म्हणूनच तो राहिला असावा.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? हातातोंडाशी आलेलं गेलं असं वाटलं. पाडवा तोंडावर आलेला, नवरा इंदूरच्या रस्त्याला लागणार आणि ह्याचं कारण भिंतीपाशी बसून ज्वारी निवडतंय. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनीही काही विचारलं नाही. हे आणि मिस्त्री नगरला जाऊन बेअरिंग नव्याने ओतून घेऊन आले, घासून बसवत राहिले. दिवाळीची अंघोळसुद्धा ह्यांची घाईत झाली. शेजारपाजारच्या बायांनी मात्र ओळखायचं ते ओळखलं होतं. फक्त नाव चुकीचं घेतलं. 'सुनेनं गाडीला भात घातला' हे मी पुढे कित्येक वर्षं ऐकलं. मी ते खोडून काढलं नाही, आणि ह्यांनी कधी उंदीर सोडला नाही.

पाडव्याला सकाळी गाडी सुरू झाली. मिस्त्रीने कान लावून ऐकलं, काट्याकडे पाहिलं आणि "जा," म्हणाला. हे गाडीत बसले. त्यांनी गाडीतून वाकून घराच्या दाराकडे पाहिलं, आत्या दिसेनात. मला म्हणाले, "आये कुठं गेली? तिला म्होरं बोलाव."

आत्या रिकाम्या गोठ्यात मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. गाडी बाहेर पडताना आपण आडवं येऊ नये म्हणून. मी म्हणाले, "चला, बोलावलंय."

"जाऊ दे त्याला."

"तुम्हाला पाहिल्याशिवाय जायचे नाहीत."

त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "उंदीर हळकुंड नेत न्हाई. त्यानं खिशात घातलं ते दिसलं मला. म्या घातलं हुतं त्यात."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"कुनीच भरली न्हाई तिची. बैलं गेली, त्यांच्या जागी आली बिचारी. मोकळ्या वटीची ठिवू का दारात?"

त्या हे इतक्या साधेपणाने म्हणाल्या की माझा दोन दिवसांचा राग एकदम उतरला आणि मला रडू आलं. मला चटकन रडू येत नाही. मी त्यांच्यासमोर पदर पसरला. म्हणाले, "भरायचीच होती तर माझी भरायची, आत्या. मी कुठं नको म्हणाले असते? आता भरा."

त्यांनी माझ्या पदराकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी तो गोळा केला, माझ्या कमरेला नीट खोचला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"याड लागलं का तुला? गाडीला नवरा न्हाई, म्हनून तिची भरली," त्या म्हणाल्या. "तुझा भाईर उभा हाय. जा, त्याची भाकरी बांध."